जवळची नजर

रेलीनने हनुवटी तिसऱ्यांदा त्या प्लॅस्टिकच्या खोबणीत टेकवली, कपाळ पट्टीला चिकटवलं आणि डोळा ताणून उघडा धरला. यंत्राने फुस्स करून हवेचा झोत सोडला. डोळा आपसूक मिटला.

"परत एकदा," यंत्रामागची मुलगी म्हणाली. "मिटू नका हं. अगदी सोपं आहे."

"सोपं असतं तर एव्हाना झालं नसतं का?"

मुलगी हसली. या दवाखान्यात सगळेच हसत होते, आणि रेलीनला त्याचाच जास्त राग येत होता. साडेदहाची वेळ दिली होती, साडेबारा वाजून गेले होते. तोवर तिने तीन फॉर्म भरले होते, तिन्हींत तोच पत्ता नि तीच जन्मतारीख. काँटॅक्ट लेन्स कधी काढल्या, हा एकच प्रश्न चार जणांनी वेगवेगळा विचारला होता. दोन आठवड्यांपूर्वी, दोन आठवड्यांपूर्वी, दोन आठवड्यांपूर्वी. चौथ्या वेळी तिने कार्डावर लिहून गळ्यात अडकवू का, असं विचारलं होतं. तीही मुलगी हसली होती.

मधल्या वेळेत भिंतीवरच्या पडद्यावर एक व्हिडिओ फिरत होता. एक तरुण जोडपं चष्मे समुद्रात भिरकावून देऊन पाण्यात उडी मारायचं. रेलीनने ते जोडपं सात वेळा बुडताना पाहिलं. शेजारच्या खुर्चीत तिचा बाप क्लेम मासेमारीचं जुनं मासिक चाळत बसला होता.

"चांगले चष्मे आहेत की," सातव्या वेळी तो म्हणाला. "फेकायचे कशाला? कुणा गरिबाला द्यावेत."

क्लेम पंचाहत्तरीचा. चाळीस वर्षं मेंढ्या कातरून पाठ अशी वाकलेली, की उभा राहिला तरी काहीतरी उचलायला निघालाय असं वाटावं. डोळ्यांत थेंब घातल्यावर गाडी चालवता येणार नाही, सोबत कुणीतरी आणा, असं दवाखान्याने कळवलं होतं, म्हणून तो आला होता. बर्क या त्यांच्या गावाहून डबो शहरापर्यंत पावणेचारशे किलोमीटर त्याने सत्तरच्या वर काटा जाऊ दिला नव्हता. पहाटे पाचला निघालेली रेलीन दारात पोचली तेव्हाच अर्धी चिडलेली होती.

पण परत फिरायची सोय नव्हती. रेलीन लोकरीची पारखी होती. कातरणाऱ्याने मेंढी मोकळी केली, की तिची अख्खी लोकर टेबलावर फेकली जाते, कडेची खराब लोकर तोडली जाते, आणि उरलेली कुठल्या प्रतीत घालायची ते पारखी ठरवते. तिचा शब्द शेवटचा. दाबयंत्रात दाबून लोकरीची गाठ, म्हणजे गासडी, बांधून झाली की तिच्यावर पारखीच्या नंबराचा शिक्का मारतात, म्हणजे जगात कुठेही ती गाठ उघडली तरी कुणाच्या नजरेखालून गेली ते कळतं. रेलीनचा शिक्का बावीस वर्षांचा होता. एक तक्रार नव्हती. मग गेल्या वर्षभरात दोन झाल्या. पहिली दबली. दुसरीत पांढऱ्याशुभ्र मालात काळे केस निघाले आणि एका मळ्याच्या सगळ्या गाठींचा भाव पडला. कातरणाऱ्यांच्या टोळीचा ठेकेदार ब्रॉडी तिला ट्रकच्या आडोशाला घेऊन गेला होता. टोळीत तिला सगळे 'रे' म्हणत. तो म्हणाला होता, "रे, मी तुझ्या बाजूचाच आहे. पण आणखी एक झाली तर मला दुसरा पारखी बघावा लागेल."

म्हणून लेझर. डोळे म्हातारे व्हायला लागलेत, ते नवे करून घ्यायचे, एवढा साधा हिशोब तिने केला होता. ऑगस्टात पुढच्या मोठ्या शेडची कातरणी सुरू व्हायच्या आत.

चौथ्या झोताला डोळा उघडा राहिला. मुलीने टाळी वाजवली. रेलीनला ती टाळी तिच्या डोक्यात घालावीशी वाटली.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तिला सव्वा वाजता बोलावलं. डॉ. हॅलोरन साठीच्या आसपासच्या, बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांच्या आणि नाकावर जाड चष्मा लावलेल्या. रेलीनने तो चष्मा पाहिला आणि दारातच थबकली.

"सगळे असेच बघतात," डॉक्टर म्हणाल्या. "बसा. हलवायाच्या घरी गोड खात नाहीत, असं समजा."

इथे आल्यापासून खोटं न हसलेलं हे पहिलंच माणूस. रेलीन बसली.

"काम काय करता?"

"लोकर पारखते. कातरणीच्या शेडमध्ये."

"म्हणजे जवळचं बघायचं काम."

"सगळंच बघायचं. कातरणारे काय करतायत, पोरी टेबलाशी काय करतायत, दाबयंत्रावर काय चाललंय. आणि मग लोकर."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकापाशी नेला आणि आकडे वाचले. "अठ्ठेचाळीस वय. दोन्ही डोळे उणे तीन. पूर्वी चष्मा होता, तीन वर्षांपूर्वी लेन्स घेतल्यात. का घेतल्या?"

रेलीनला ती गोष्ट सांगायची नव्हती. पण बाईंनी पेन खाली ठेवून वाट पाहिली.

"शेडमध्ये उकाडा असतो. घामाने चष्मा घसरतो, काचांना लोकरीचं मेण लागतं. वाकले की मी तो डोक्यावर चढवायची. एकदा डोक्यावरून पडला आणि लोकरीबरोबर गाठीत दाबला गेला. शिवलेली गाठ उसवावी लागली. चष्मा निघाला, काच फुटलेली. तीन तालुक्यांत हसं झालं माझं. कुठल्याही शेडमध्ये गेले की कुणीतरी विचारायचं, आज गाठीला चष्मा लावलाय का, तिला वाट दिसू दे."

डॉक्टर मोकळ्या हसल्या. "आणि लेन्स लावल्यावर जवळचं कसं दिसतं?"

"दिसतं."

"पेपर कसा वाचता?"

"जरा लांब धरते."

"लेन्स देणाऱ्याने सांगितलं नाही का, वाचायला वेगळा चष्मा लागेल म्हणून?"

"सांगितलं होतं," रेलीन म्हणाली. "मी म्हटलं, लेन्सवर पुन्हा चष्माच लावायचा तर लेन्स कशाला? आणि टेबलाशी म्हातारीचा चष्मा लावून उभी राहिले तर पोरं म्हणतील, आता काठी पण आण."

"लेझरने काय होणार, असं वाटतंय तुम्हाला?"

"डोळे नव्यासारखे होणार. बाहेर व्हिडिओत तेच आहे."

"व्हिडिओतली माणसं पंचवीस वर्षांची आहेत, रेलीन."

त्या उठल्या आणि कपाटातून लोखंडी चौकट काढली, काचा घालायच्या खाचा असलेली. रेलीनचा जुना चष्मा उतरवून ती तिच्या नाकावर बसवता बसवता त्या बोलत राहिल्या. "तुमचा डोळा मुळात जवळ बघायला घडलेला आहे. लांबचं दिसत नाही म्हणून काच लागते. तरुणपणी डोळ्यातलं भिंग लवचीक असतं, काच लावूनही जवळचं दिसतं. पंचेचाळिशीनंतर ते ताठ होतं. मग बाकीच्यांना वाचायला चष्मा लावावा लागतो आणि तुम्हाला-मला तो काढावा लागतो. लेझर म्हणजे ही काच डोळ्यावरच कोरून टाकायची. लांबचं झकास दिसेल. पण काढता येणार नाही."

"लेन्ससारखं."

"अगदी लेन्ससारखं. फक्त रात्रीही काढता येणार नाही."

त्यांनी दोन काचा खाचांत घातल्या. समोरच्या भिंतीवरची सगळ्यात खालची ओळ रेलीनने खडाखड वाचली. मग बाईंनी हातात बारीक छापलेलं कार्ड दिलं. रेलीनने ते नेहमीच्या अंतरावर धरलं, मग जरा लांब, मग हात पूर्ण ताणून.

"उजेड कमी आहे इथे."

डॉक्टरांनी डोक्यावरचा दिवा लावला. कार्डावर मुंग्या होत्या, अक्षरं नव्हती. मग त्यांनी काचा काढल्या. रेलीनने कार्ड जवळ घेतलं आणि तळाशी छापखान्याचा पत्ता होता तोसुद्धा वाचून दाखवला.

"लेझर केलं तर मघाशी काचा लावून दिसलं तसं दिसेल," डॉक्टर म्हणाल्या. "नाही केलं तर आत्ता काचा काढून दिसतंय तसं."

रेलीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहाटे पाचपासून एवढा खटाटोप, दोन आठवडे लेन्सऐवजी जुना चष्मा, तीन फॉर्म आणि त्या हवेच्या पिचकाऱ्या, आणि शेवटी काय, तर हे. "अक्षरं वाचणं माझं काम नाही," ती म्हणाली. "माझं काम वेगळं आहे. लोकर हाताला कळते. कानाला कळते. बट ताणून कानाशी टिचकी मारली की मजबूत आहे की तुटकी ते आवाजावरून सांगते मी. बावीस वर्षं झाली."

तिने कोटाच्या खिशात हात घातला. पारख्याच्या खिशात लोकर असतेच, काढून टाकली तरी पुन्हा येते. तिने एक बट काढली, बोटभर लांब, आणि काचा परत घालायला सांगितलं. बाईंनी घातल्या.

"हे बघा. आता सांगते." तिने बट अंगठ्याखालून फिरवली. "मेरिनो जातीची. बारीक. शेंडा कोरडा पडलेला नाही. रंग उत्तम. पहिल्या प्रतीचा माल, डोळे झाकून."

डॉक्टरांनी स्वतःचा चष्मा कपाळावर ढकलला आणि बटेवर वाकल्या.

"हा काळा केस कसला?"

"कुठला केस?"

"हा. मधोमध."

रेलीनने पाहिलं. पांढरं होतं. बटेवर कुठे करडी झाक होती, ती बोट हलवलं की हलत होती.

"सावली आहे," ती म्हणाली. "सोडा."

आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

टोळीत मेरेआना म्हणून एक बाई होती. न्यूझीलंडची, गिझबर्नकडची मूळनिवासी माओरी, तेरा वर्षं शेडमध्ये टेबलाशी काम केलेली, खांद्याने रुंद आणि तोंडाने फटकळ. मार्च महिन्यात काळ्या केसांची तक्रार आली तेव्हा ब्रॉडीने दोघींना समोरासमोर उभं केलं होतं. काळा ठिपका असलेली मेंढी शेवटी कातरायची, ती चुकून आधी आली आणि तिची लोकर टेबलावर पडली, इथवर दोघींचं एक होतं. पुढे मेरेआना म्हणाली, "मी ती बट तोडून हिच्या हातावर ठेवली. हिने बघितली. म्हणाली, सावली आहे, सोड." रेलीनला यातलं काही आठवत नव्हतं. दिवसाला सातशे मेंढ्या, हातावर कोण काय ठेवतं ते कुणाच्या लक्षात राहणार? तिला एवढंच ठाऊक होतं की काळा केस समोर आला असता तर तो तिने सोडला नसता. म्हणून ती म्हणाली, चोराच्या उलट्या बोंबा. सगळ्यांसमोर म्हणाली. ब्रॉडीने मेरेआनाला त्याच संध्याकाळी हिशोब देऊन मोकळं केलं, आणि त्यानंतर तिला त्या भागातल्या कुठल्याच टोळीने घेतलं नाही.

रेलीनने चौकट नाकावरून स्वतःच ओढून काढली आणि बट डोळ्याशी नेली. लोकरीतली लाट न् लाट दिसली. आणि आतून बाहेर आलेला एक काळा, चकचकीत, राठ केस. कुत्र्याचा होता. बापाचा कुत्रा गाडीत याच कोटावर झोपतो.

"दिसला?"

"दिसला."

"एक डोळा लांबचा आणि एक जवळचा असंही करता येतं," डॉक्टर म्हणाल्या. "काहींना जमतं. मी तुम्हाला नाही म्हणणार नाही. पण तुमच्या धंद्यात असते तर मी स्वतः करून घेतलं नसतं. चष्मा वापरा. दोरी लावा त्याला, म्हणजे गाठीत जाणार नाही."

रेलीन चौकट टेबलावर ठेवून मागे टेकली. बट मुठीत धरून बसून राहिली. बाईंना वाटलं, हिरमुसली. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, आलाच आहात तर डोळ्याचा पडदाही बघून घेते म्हणाल्या, आणि थेंब घातले. थेंब झोंबले. पडदा उत्तम निघाला.

बाहेर काउंटरवरच्या मुलीने तिला कागदासारखा पातळ काळा चष्मा दिला आणि विचारलं, "मग रेलीन, कुठली तारीख धरू या? एकोणीसला एक जागा आहे, लगेच भरेल."

"भरू दे."

"विचार करायला वेळ हवाय का? काही घाई नाही."

"बाई, तुमच्याकडे घाई नाही ते मला सकाळपासून दिसतंय," रेलीन म्हणाली आणि बापाला खुणेने उठवलं.

गाडीत बसेपर्यंत तिने त्याला डोळ्यांचं सगळं सांगून टाकलं होतं, दोन वाक्यांत. क्लेमने किल्ली लावली पण फिरवली नाही. आधी खांदे हलले, मग हसू फुटलं.

"म्हणजे चष्मा वर आणि नाक खाली. लेन्स घ्यायच्या आधी हे तू एकोणीस वर्षं करत होतीस. काखेत कळसा नि गावाला वळसा. पावणेचारशे किलोमीटरचा."

"हसू नकोस."

"का नको? चांगली बातमी आहे. डोळ्यांना काही झालेलं नाही. चष्मा घाल, टेबलाशी काढ. पोरं हसतील चार दिवस. माझ्या वाकलेल्या पाठीला काय कमी हसली होती का?" त्याने गाडी सुरू केली. "भूक लागलीय. मटणाची पेस्ट्री खाऊ या कुठेतरी. मग निघू, अंधार पडायच्या आत वाटेतलं नायंगन गाठू."

रेलीनने दोन्ही चष्मे चढवले होते, जुना आत आणि काळा वरून. तरी ऊन सुईसारखं आत येत होतं. तिने डोळे मिटून घेतले. मिटल्यावर मेरेआनाचा तळहात दिसत होता, त्यावरची बट दिसत नव्हती.

"मेरेआना इथेच असते ना? डबोत?"

क्लेमने गाडी रस्त्याला लावली. सिग्नल आला, त्याने गाडी थांबवली, सिग्नल गेला.

"मांसाच्या कारखान्यात आहे म्हणतात. हाडांवरचं मांस सोलायला. का?"

"तिने दाखवली होती मला ती बट."

"तुला आठवतंय?"

"नाही. पण दाखवली होती."

क्लेमने ओठ चावला. टोळीतल्या भांडणात तो नव्हता, पण पबमध्ये बसून लेकीची बाजू त्याने चार महिने घेतली होती, आणि जोरात घेतली होती.

"हे बघ पोरी," तो म्हणाला. "झालं ते झालं. तुला खोट कळली, आता चूक होणार नाही. तुझा शिक्का शाबूत आहे. ब्रॉडीच्या कानावर हे गेलं तर तो काय म्हणेल? तीन वर्षं आंधळ्या बाईने माझा माल पारखला, असं म्हणेल. मळेवाले जुन्या गाठी उकरतील. कुणाचं भलं होणार आहे त्यात? ती बाई कामाला लागलीय, पगार मिळतोय तिला. घरी जाऊ. वाटलं तर फोन कर नंतर."

"नंतर मी करणार नाही."

"म्हणूनच म्हणतो."

"बाबा, गाडी वळव."

तो आणखी दोन चौक सरळ गेला. रेलीनला रस्ते दिसत नव्हते, पण सूर्य कुठल्या बाजूला आहे ते गालाला कळत होतं. मग तो उजव्या गालावरून डाव्यावर आला.

कारखान्याच्या फाटकाबाहेर तीन वाजता पाळी सुटत होती. क्लेम गाडीतच बसला. येतोस का, असं तिने विचारलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. रेलीन तारेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. पांढरे कपडे, पांढरे गमबूट, पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं लोंढ्याने बाहेर येत होती, आणि थेंबांमुळे तिला सगळ्यांभोवती नुसता झगझगाट दिसत होता. यातली मेरेआना कोणती ते तिला कळेना. प्रत्येक रुंद खांद्याकडे ती वळून बघत होती आणि दर वेळी दुसरंच कुणीतरी निघत होतं.

"काळा चष्मा लावून कुणाला शोधतेस, रे?"

मेरेआना मागून आली होती. टोपी काढून हातात धरली होती, केस ओले होते. ती हातभर अंतरावर उभी राहिली.

"तुलाच."

"मग सापडले. बोल."

वाटेत रेलीनने बरंच जुळवलं होतं. उणे तीन, लेन्स, डॉक्टर, पंचेचाळिशी. त्यातलं काहीच आता तोंडात बसेना.

"तू बट दाखवली होतीस," ती म्हणाली. "मी सावली म्हटलं होतं. मला दिसत नव्हतं, मेरे. लेन्स लावल्यावर मला जवळचं दिसतच नव्हतं, तीन वर्षं. आज कळलं."

मेरेआनाने टोपी घडी करून खिशात कोंबली. मग खिशातून काढून पुन्हा घडी केली.

"बरं," ती म्हणाली.

"मी तुला खोटारडी म्हटलं. सगळ्यांसमोर. माझं चुकलं. हे सांगायला आले."

"ब्रॉडीला सांगितलंस?"

"नाही अजून."

"टोळीला?"

"नाही."

"मग मला काय सांगायला आलीस?" मेरेआनाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मला तर माहीतच होतं."

लोंढा ओसरत आला होता. कुणीतरी मेरेआनाला हाक मारली, तिने मागे न बघता हात हलवून जा म्हणून सांगितलं.  रेलीनने जे बोलायला हवं होतं ते चार महिन्यांपूर्वी बोलायला हवं होतं, तेही हिच्याशी नाही, टोळीसमोर.

"माझी बस सव्वातीनला आहे," मेरेआना म्हणाली. "आत्ता तीन वाजून चार मिनिटं झालीत."

रेलीनने तिच्याकडे पाहिलं. मेरेआना हलली नाही. हाताची घडी घालून कुंपणाला टेकली, थांबायची तयारी असलेल्या माणसासारखी.

रेलीनने दोन्ही चष्मे काढले. उन्हाने डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते तिने बाहीने पुसलं, फोन नाकापाशी नेला आणि नाव शोधलं. घंटा वाजली. एकदा, दोनदा, पाच वेळा. रस्त्यापलीकडे क्लेमने गाडीचं इंजिन बंद केलं. सहाव्या घंटेला ब्रॉडीने फोन उचलला, मागे दाबयंत्राचा खडखडाट होता.

"रे? बोल, काय म्हणाला डॉक्टर? होतायत का डोळे दुरुस्त?"

"थांब, ब्रॉडी. फोन स्पीकरवर टाक," रेलीन म्हणाली. "कोण कोण आहे तिथे? सगळ्यांना जवळ बोलाव."